हौस, हुन्नर आणि कायदा

गेल्या काही वर्षांत राज्यातील अनेक शहरांत एक देखावा वारंवार पाहावयास मिळतो. वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले मोटरसायकलींचे शेकडो सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले जातात, छायाचित्रकार जमतात आणि रस्ता दाबण्याचा रोलर त्यांवरून फिरविला जातो. कानठळ्या बसविणाऱ्या आवाजाने त्रस्त झालेल्या नागरिकांना या दृश्याने समाधान वाटावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु या रोलरखाली केवळ पत्र्याच्या नळ्यांचाच चुराडा होतो, की त्यांच्याबरोबर समाजाच्या उपयोगाचे आणखी काही चिरडले जाते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मोटरसायकल स्वतः उघडणे, तिची निगा राखणे, आपल्या गरजेप्रमाणे व आवडीप्रमाणे तीत फेरफार करणे हा हजारो तरुणांचा आणि प्रौढांचा छंद आहे. उपद्रवी आवाज ही या छंदाची विकृती होय. विकृतीलाच छंद समजून साऱ्याचा एकदम निकाल लावणे शासनाला सोपे वाटत असले, तरी समाजाला ते महाग पडल्यावाचून राहणार नाही.

टंचाईतून जन्मलेला छंद

या छंदाची मुळे श्रीमंतीत नसून टंचाईत आहेत. परवाना पद्धतीच्या काळात मोटरसायकल घेणाऱ्यापुढे निवडीला वाव असा नव्हताच. मद्रास येथे १९५५ पासून तयार होऊ लागलेली एन्फील्डची ‘बुलेट’, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची ‘जावा’ व पुढे ‘येझदी’, आणि एस्कॉर्ट्सची ‘राजदूत’ ही तीन घराणी काय ती बाजारात होती. स्कूटरसाठी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा परिस्थितीत घरात आलेले वाहन मोडीत काढण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नसे. बापाची मोटरसायकल मुलाच्या हाती येई आणि तिच्याबरोबर पान्यांची पिशवीही येई. आरंभी दुरुस्ती ही निकड होती. निकडीतून कौशल्य आले, आणि कौशल्यातून जिव्हाळा निर्माण झाला.

ही यंत्रेही मालकाकडून काही शिकून घेण्याची अपेक्षा ठेवणारी होती. जुन्या बुलेटला किक मारण्यापूर्वी अँपिअर दर्शविणारा काटा मध्यावर आणावा लागे आणि दट्ट्यावरचा दाब सोडण्यासाठी वेगळी तरफ दाबावी लागे. ही क्रिया न साधणाऱ्याचा पाय यंत्र बेलाशक मागे झिडकारीत असे. जावाचा किकचा दांडाच वळवून गिअर बदलण्यास वापरला जाई. यंत्राच्या पोटात काय चालले आहे याची कल्पना नसलेल्या माणसास अशा वाहनावर फार काळ बसता येत नसे.

१९८४ नंतर जपानी कंपन्यांच्या सहकार्याने नवी, हलकी, कमी पेट्रोल पिणारी वाहने आली. १९८५ साली हीरो होंडाची ‘सीडी १००’ आणि यामाहाची ‘आरएक्स १००’ बाजारात उतरली, आणि जुन्या घराण्यांना उतरती कळा लागली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. ‘आरएक्स १००’चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. १९८३ मध्ये आलेली दोन सिलिंडरची ‘राजदूत ३५०’ पेट्रोलचा खर्च व किंमत यांमुळे ग्राहकाला परवडली नाही, आणि दशक संपता संपता तिनेही निरोप घेतला. सामान्य हिशेबाने या गाड्यांचा इतिहास येथेच संपावयास हवा होता. परंतु तो संपला नाही. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने, मुंबईत कुर्ल्याचा बाजार, कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथ आणि गावोगावच्या गॅरेजांतील मिस्त्री यांच्या आधाराने हौशी मालकांनी त्या रस्त्यावर ठेवल्या. जो भाग मिळेनासा झाला तो घडवून घेतला; जो घडविता आला नाही तो दुसऱ्या गाडीचा बसवून घेतला. आजही जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जावा व येझदीचे चाहते गावोगाव आपापल्या गाड्या घेऊन एकत्र येतात.

या घटनेतील अर्थशास्त्र लक्षात घेण्यासारखे आहे. २०१८ मध्ये ‘जावा’ आणि २०२२ मध्ये ‘येझदी’ ही नावे नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. मधल्या वीस-बावीस वर्षांत या नावांची पत कोणी राखली? कारखाना नव्हता, जाहिरात नव्हती, विक्रेता नव्हता. ती राखली ती रविवारी सकाळी अंगणात पोते अंथरून क्लचच्या प्लेटा घासणाऱ्या माणसांनी. त्यांच्या या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही. गॅरेजात साखळी बदलून घेतली तर ती सेवा उत्पन्नात धरली जाते. तीच स्वतःच्या हाताने बदलली तर जणू काही घडलेच नाही. जे मोजले जात नाही त्याला मोल नाही, असे समजण्याची चूक धोरण आखणाऱ्यांनी तरी करू नये.

पान्याने मिळणारे शिक्षण

या छंदातून मिळणारे शिक्षण हा त्याचा खरा लाभ होय. एखादी गाडी सुरू होत नसेल तर अनुभवी हौशी प्रथम स्पार्क प्लग काढून त्याचे टोक पाहतो. ते काळे व काजळलेले असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक जात आहे. पांढुरके असेल तर हवा अधिक आहे. तपकिरी असेल तर प्रमाण योग्य आहे. मग तो एक कारण धरतो, ते तपासतो, चुकीचे ठरल्यास सोडून देतो आणि दुसऱ्याकडे वळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि परिणाम पाहावयाचा, ही शास्त्रीय पद्धती प्रयोगशाळेतील वह्या भरून जितकी अंगी बाणत नाही तितकी बंद पडलेल्या गाडीपाशी दोन तास घालवून बाणते. यंत्राला वशिला चालत नाही आणि सबब पटत नाही. टॅपेटचे अंतर चुकले असेल तर ते खडखडून सांगते.

हाताने काम करणे कमी दर्जाचे, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. शिकलेल्या घरातील मुलाने ग्रीसने माखलेले हात घेऊन घरात यावे, हे अजूनही पुष्कळांना रुचत नाही. अशा समाजात वकील, प्राध्यापक, बँकेतील अधिकारी यांना जर एखादा छंद मिस्त्रीच्या शेजारी उकिडवे बसून त्याच्याकडून शिकावयास लावीत असेल, तर त्याचे सामाजिक मूल्य पेट्रोलच्या हिशेबाने करता येणार नाही.

यात सुरक्षिततेचाही भाग आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. सारे अपघात यंत्राच्या दोषामुळे होतात असे कोणी म्हणणार नाही. तथापि ब्रेकचा लायनर झिजलेला, साखळी सैल पडलेली, टायर गुळगुळीत झालेले, अशा स्थितीतील गाडी ओळखणारा मालक स्वतःपुरता तरी धोका कमी करतो. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १ कोटी ८० लाख दुचाकी विकल्या गेल्या. ज्या देशात इतकी वाहने दरवर्षी नव्याने रस्त्यावर येतात, तेथे आपले वाहन जाणणाऱ्या माणसांची संख्या वाढावी असेच धोरण असावयास हवे.

दोन प्रकारची हौस

अर्थात हौस म्हटली की ती सारी एकाच तोलाची नसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये लोकांच्या डोळ्यांत भरण्यासाठी केल्या जाणाऱ्या उपभोगाची मीमांसा केली, आणि १९१४ मध्ये त्यानेच माणसाच्या ठायी असलेल्या उत्तम कारागिरीच्या उपजत ओढीविषयी लिहिले. मोटरसायकलीच्या छंदात या दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक हौस पाकिटाची असते. ती दुकानात जाते, चकचकीत वस्तू विकत घेते, त्या दुसऱ्याकडून बसवून घेते आणि रस्त्यावर मिरविते. दुसरी हौस हाताची असते. ती आधी बिघडविते, मग शिकते आणि शेवटी काहीतरी घडविते. पहिलीला प्रेक्षक लागतात, दुसरीला वेळ लागतो.

हाताच्या हौसेतून उद्योगालाही दिशा मिळते, याची साक्ष इंग्लंडच्या इतिहासात आहे. पन्नास-साठच्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या उपाहारगृहांपाशी जमणाऱ्या तरुण कामगारांनी एका कंपनीच्या सांगाड्यात दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसविण्याचा सपाटा लावला. नॉर्टनचा सांगाडा आणि ट्रायम्फचे इंजिन यांच्या संयोगातून तयार झालेली ‘ट्रायटन’ ही कोणत्याही कारखान्याने बनविलेली गाडी नव्हती. खाली वाकलेले हँडल आणि एकट्याची बैठक ही त्या तरुणांची घडण १९६५ मध्ये रॉयल एन्फील्डने आपल्या ‘काँटिनेंटल जीटी’ या गाडीत उचलली. आणि मूळ इंग्रजी कंपनी लयाला गेल्यावर अनेक वर्षांनी, २०१३ मध्ये, तिच्या भारतीय वारसाने तेच नाव पुन्हा वापरले. हौशी माणसाने फुकट केलेले संशोधन कारखानदार पुढे विकतो, असा याचा अर्थ आहे.

आवाजाचा प्रश्न

इतके मान्य केल्यावर छंदाच्या काळ्या बाजूकडे डोळेझाक करून चालणार नाही. रुग्णालयासमोरून, परीक्षेच्या दिवसांत वस्तीतून, मध्यरात्री झोपलेल्या गल्लीतून फटाके फोडीत जाणाऱ्या मोटरसायकलस्वाराचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होऊ शकत नाही. शांतता ही सर्वांच्या मालकीची वस्तू आहे. एकाने आपल्या करमणुकीसाठी ती हिरावून घेतली तर त्याचा खर्च इतर हजारांना सोसावा लागतो. १७५ घनसेंटीमीटरहून मोठ्या दुचाकीसाठी उत्पादनाच्या वेळी ८० डेसिबलची मर्यादा २००५ पासून घातली गेली, ती याच कारणाने.

शिवाय या आवाजामागे कसलेही ज्ञान नसते. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, ही समजूत खुळेपणाची आहे. दोन फेऱ्यांच्या म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात तर सायलेन्सरचा आकारच असा योजलेला असतो की बाहेर पडू पाहणारे ताजे मिश्रण दाबाच्या लाटेने पुन्हा सिलिंडरात ढकलले जावे. ती रचना मोडली की आवाज वाढतो आणि ताकद घटते. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा भागही याच नळीत असतो. तो काढून टाकणारा मनुष्य शेजाऱ्याच्या कानांबरोबर त्याच्या फुप्फुसांवरही अतिक्रमण करतो. जाणता हौशी असे कधी करणार नाही. म्हणूनच आवाजाविरुद्धची कारवाई कठोर असावी, सातत्याने व्हावी आणि असे सायलेन्सर राजरोस विकणाऱ्या दुकानांपर्यंत पोहोचावी. रोलर फिरतो तो घेणाऱ्याच्या नळीवर. विकणाऱ्याच्या गल्ल्याला त्याचा धक्का क्वचितच लागतो.

सरसकट मनाई

कायद्याची अडचण येथूनच सुरू होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ मूळ स्वरूपात फेरफारास सरसकट विरोध करीत नव्हते. मालकाने नोंदणी अधिकाऱ्यास सूचना द्यावी, मान्यता घ्यावी आणि मग बदल करावा, अशी वाट तेथे होती. २००० च्या दुरुस्तीने ही वाट अरुंद केली. नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा कोणताही बदल मालकाने करू नये, असे कायदा सांगू लागला. इंधन बदलण्यासारखे मोजके अपवाद तेवढे उरले. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घातली.

न्यायालयाने कायदा आहे तसा वाचला. त्यात त्याचा दोष नाही. दोष असेल तर तो कायद्याच्या घडणीत आहे. लांबच्या प्रवासासाठी हँडल थोडे उंच करणे, उंचीने कमी असलेल्या व्यक्तीसाठी बैठक खाली आणणे, अधिक चांगला ब्रेक बसविणे आणि सायलेन्सरातील पडदे काढून टाकणे, या कृतींत नैतिक व तांत्रिक दृष्ट्या जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कोणती गोष्ट चालेल व कोणती चालणार नाही हे सामान्य मालकाला कायद्याच्या शब्दांवरून कळत नाही. जेथे नियम संदिग्ध असतो तेथे निर्णय रस्त्यावरच्या शिपायाच्या मर्जीवर जातो, आणि मर्जीची किंमत काय पडते हे सांगण्याची गरज नाही.

कायद्याला विवेक करता येत नाही असे मात्र नाही. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी वाहनात बदल करण्यास त्यानेच मोकळीक ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला अशा फेरफारांचे निकष व मान्यतेच्या अटी ठरविण्याचा अधिकार दिला, आणि निकषांत बसणाऱ्या बदलामुळे उत्पादकाची हमी रद्द समजली जाणार नाही असेही म्हटले. म्हणजे दार आहे. ते हौशी मालकासाठी उघडण्याची इच्छा तेवढी हवी आहे.

कुलूपबंद यंत्र

दरम्यान यंत्रेही बदलली आहेत. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे दुचाकीतला कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी इंधन फवारणारी व संगणकाने चालणारी यंत्रणा आली. हवा स्वच्छ राहावी यासाठी हा बदल आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु त्याबरोबर दुरुस्तीचे ज्ञान मालकाच्या व गल्लीतील मिस्त्रीच्या हातून निसटून कंपनीच्या अधिकृत केंद्रात गेले. दोष दाखविणारा दिवा लागतो. तो का लागला हे सांगणारे उपकरण मात्र कंपनीजवळ असते. गाडीची किंमत पूर्ण भरूनही मालक तिचा भाडेकरूच राहतो. ज्या बाजारात विक्रेत्याला सर्व माहिती आहे आणि ग्राहकाला काहीच नाही, तेथे किंमत कोणाच्या बाजूने झुकते हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल.

ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारवाहनेही घेतली. पाऊल योग्य होते. परंतु माहिती देण्याचे आवाहन आणि माहिती देण्याची सक्ती यांत अंतर असते. दुरुस्तीची पुस्तिका, सुटे भाग आणि दोष वाचणारी उपकरणे वाजवी दराने सर्वांना मिळालीच पाहिजेत, असा स्पष्ट कायदा झाल्याखेरीज गॅरेजातील मिस्त्रीचा धंदा टिकणार नाही. तो बुडाला तर एका छंदापेक्षा फार मोठे नुकसान होईल. कारण त्या गॅरेजांतच हजारो गरीब मुले हाताखाली राहून आपली रोजी शिकतात.

मधला मार्ग

यातून मार्ग काढणे अशक्य नाही. जर्मनीत मोटरसायकलीत बदल करणाऱ्यास तो तांत्रिक तपासणी संस्थेच्या अभियंत्याकडून तपासून वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवून घेता येतो. अनेक सुट्या भागांना तर मान्यतापत्र आधीच मिळालेले असते. आपल्याकडेही बदलांचे तीन वर्ग करता येतील. बैठक, सामान ठेवण्याच्या चौकटी, संरक्षक पट्ट्या यांसारखे निरुपद्रवी बदल पूर्ण मोकळे असावेत. हँडल, ब्रेक, चाके, दिवे यांच्यासाठी मान्यताप्राप्त भागांची यादी असावी व केलेल्या बदलाची नोंद व्हावी. सांगाडा वा इंजिन यांना हात घालणाऱ्याने मात्र तज्ज्ञांची तपासणी करून घेतलीच पाहिजे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून वाहनांच्या चाचणीचे काम करीत आहे. असे निकष ठरविण्याची योग्यता देशात आहेच.

तपासणी म्हणजे चिरीमिरीला आणखी एक खिडकी, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु आजची संदिग्धता ही त्याहून मोठी खिडकी आहे. छापील यादी, ठरलेले शुल्क आणि लेखी नकार यांनी ती लहान करता येते. सरसकट मनाईने ती केवळ अंधारात जाते. धुराच्या प्रमाणपत्रासाठी प्रत्येक वाहन ठरावीक मुदतीने पीयूसी केंद्रात जातेच; तेथेच आवाज मोजण्याची सोय केली तर निर्दोष मालकाला रस्त्यात अडविण्याचे प्रयोजन उरणार नाही आणि दोषी मालकाला सुटण्याची वाट राहणार नाही.

हौशी मंडळांनीही आपली जबाबदारी ओळखली पाहिजे. कर्कश गाडी घेऊन येणाऱ्यास आपल्या मेळाव्यात प्रवेश नाही, एवढा एक नियम त्यांनी स्वतःहून पाळला तरी समाजाची सहानुभूती त्यांना मिळेल. त्यांनी आपले कसब शेजारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांपर्यंत नेले, महिन्यातून एक दिवस वस्तीतील गाड्यांचे ब्रेक व दिवे तपासून दिले, तर छंदाला नागरिकत्वाची जोड मिळेल. हक्क मागणाऱ्याने प्रथम आपल्यातील उपद्रव आवरावा, हा व्यवहाराचा साधा न्याय आहे.

उत्पादनात स्वयंपूर्ण होण्याच्या घोषणा आज सर्वत्र ऐकू येतात. परंतु वस्तू देशात बनल्या आणि त्या उघडून पाहण्याची बुद्धी व मुभा नागरिकाला उरली नाही, तर ती स्वयंपूर्णता कारखान्याच्या फाटकापाशीच संपते. गल्लीतला गोंगाट बंद झालाच पाहिजे. तो बंद करताना गल्लीतल्या लेथचा आणि पान्याचा आवाजही बंद पडणार नाही, याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे.